ताम म्हणजे तिकडे

"ताम! ताम!"

मैदानाच्या कडेला उभा असलेला उंच, उन्हानं लालबुंद झालेला माणूस डाव्या कोपऱ्याकडे दोन्ही हात करून ओरडला, आणि तिकडेच सुसाट निघालेला माझा धाकटा भाऊ धैर्यशील जागच्या जागी उभा राहिला. चेंडू त्याच्यासमोरून गेला, रेषेबाहेर गेला आणि भेळेच्या गाड्याखाली जाऊन बसला.

"ताम!" तो माणूस पुन्हा ओरडला आणि त्यानं डोक्यावरची लोकरीची टोपी काढून मातीत आपटली.

"थांबलोय की!" धैर्यशील मैदानाच्या मधून ओरडला. "आता आणि किती थांबू?"

"पानी विजा!"

ही हाक मला होती. पोलिश भाषेत बाईमाणसाला आदरानं 'पानी' म्हणतात, आणि विजयमाला सरनाईक हे नाव त्याच्या तोंडात मावत नसल्यामुळे मी विजा झाले होते. हे मी आमच्या झुंजार तालमीतल्या सगळ्यांना दहादा सांगितलं होतं. तरीही आमचा दिनकर 'पानी' ऐकलं की तांब्या घेऊन धावायचाच. आजही माझ्याआधी तांब्या पोचला. यानुश व्रोना हा सभ्य माणूस असल्यामुळे त्यानं तो घेतला आणि दोन घोट प्याला. त्या पंधरा दिवसांत तो नुसत्या सभ्यपणापोटी किती पाणी प्याला असेल, देव जाणे.

"का उभा राहतो?" त्यानं मला विचारलं. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं पुस्तकी. ज्युनियर कॉलेजात पोरांना व्याकरण शिकवून आलेलं. दोघांचं मिळून बरं चालायचं.

"तुम्हीच सांगितलंत म्हणून."

"मी सांगितलं ताम! ताम म्हणजे तिकडे. तिकडे मोकळी जागा आहे. तिकडे पळ!"

मला हसूच फुटलं. मी म्हणाले, "आमच्या पोरांना ते 'थांब' ऐकू येतं. थांब म्हणजे पळू नकोस. उभा राहा. वाट बघ."

तोही हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"थांब."

"असं नाही. लांबच्या माणसाला सांगतात तसं."

"थांऽऽब!"

"आक्का, थांबलोयच की गं!" मैदानातून धैर्यशील कळवळून ओरडला.

यानुशच्या चेहऱ्यावरची सगळी लाली उतरली. त्यानं तांब्या दिनकरच्या हातात दिला, टोपी तशीच मातीत ठेवली आणि जाऊन लिंबाच्या झाडाखाली बसला. सराव तिथेच संपला. पोरं माझ्याकडे बघायला लागली.

आमचे तालमीचे अध्यक्ष जरगआबा धोतराचा सोगा सावरत आले. "काय बोललीस गं त्याला?"

"काही नाही, आबा. थांब म्हणजे काय ते सांगितलं."

"एवढ्यानं माणूस असा बसतोय व्हय? तुला पहिल्या दिवशीच सांगितलं हुतं, तो म्हणंल तेवढंच मराठीत करायचं. पदरचं काय घालायचं न्हाई."

हे मात्र मला लागलं. कारण मी पदरचं घालत होते, आणि ते आबांना ठाऊक होतं. फक्त त्या वेळी घातलं नव्हतं.

ही चौऱ्याण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. कोल्हापूरच्या पेठांमध्ये फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आमच्याकडे मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यालासुद्धा आधी कोणत्या तालमीचा ते विचारतात, पगार नंतर. प्रत्येक तालमीचा आपला फुटबॉल संघ असतो. त्या वर्षी झुंजार तालीम वरिष्ठ गटात शेवटून दुसरी होती. शेवटचे दोन संघ खालच्या गटात जाणार होते. आमच्या आजोबांच्या काळापासून तालीम कधी खाली गेली नव्हती. एक सामना उरला होता, तोही वाघजाई तालमीशी. तो जिंकला तर आम्ही राहणार होतो. बरोबरी झाली तरी जाणार होतो. पेठेत लोक एकमेकांशी हळू आवाजात बोलायला लागले होते, घरात कुणी आजारी असावं तसे.

अशात हा माणूस आला. खरं तर तो फुटबॉलसाठी आलाच नव्हता. महायुद्धाच्या काळात पोलंडच्या हजारो बायकापोरांना कोल्हापूरजवळ वळिवड्याला आसरा मिळाला होता. यानुशची आई त्यातली. लहान पोर म्हणून आली आणि चांगली मोठी होऊन गेली. ती राहिली ती जागा बघायची म्हणून तो आला, स्टेशनाबाहेर रिक्षात बसला, आणि ती रिक्षा निघाली आमच्या गोलकीपरची. वळिवड्याला त्याच्या आईच्या वेळचं फारसं काही उरलं नव्हतं. वसाहतीच्या जागी गांधीनगरची कापडाची दुकानं. तो हिरमुसला होऊन परत येत होता, तेवढ्यात वाटेत आमचं मैदान लागलं. "दोन मिनिटं रिक्षा उभी कर," म्हणाला, आणि दोन तास उभा राहिला. शेवटी न राहवून आत शिरला आणि आमच्या बॅकला, म्हणजे बचावातल्या खेळाडूला, खांद्याला धरून चार पावलं डावीकडे सरकवलं.

तो पोलंडमधला मोठा खेळाडू होता आणि नंतर मॅनेजर झाला, हे मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा जरगआबांचा चेहरा पडला.

"मॅनेजर?" ते म्हणाले. "आगाई! एवढा मोठा खेळाडू आणि शेवटी लिंबं कापायला लागला?"

कारण आमच्या तालमीत मॅनेजर म्हणजे दिनकर. हाफ टाइमला लिंबं कापायची, बूट मोजून पोत्यात भरायचे, पाणी द्यायचं. मी समजावून सांगितलं की त्यांच्याकडे मॅनेजर म्हणजे संघाचा कर्ताधर्ता. कोण खेळणार, कसं खेळणार, सगळं तोच ठरवतो. संघ हरला की त्याला घरी पाठवतात.

"आणि खेळाडूंना?"

"ते राहतात."

"उलटंच की सगळं," आबा म्हणाले. दिनकर मात्र तेव्हापासून जरा ताठ चालायला लागला.

यानुशला तीन संघांनी घरी पाठवलं होतं. तिसऱ्यानं तर त्याच नोव्हेंबरात नारळ दिला होता. हे त्यानं आपण होऊन सांगितलं, आमच्या घरी चहा पिताना, माझ्या आईसमोर. आई म्हणाली, "विचार त्याला, मग आता काय करणार?" मी विचारलं. तो म्हणाला, "माहीत नाही. म्हणून आईचं गाव बघायला आलो." आईनं त्याच्या ताटलीत आणखी दोन चकल्या घातल्या. तिला पुढे भाषांतर लागलं नाही.

तर असा तो आमचा कोच झाला, आणि मी त्याची दुभाषी. मैदानावर बाई ही गोष्ट आबांच्या गळी उतरवायला तीन दिवस लागले. पण इंग्रजी बोलणारं दुसरं होतं कोण? अट एकच होती. खुर्चीवर बसायचं, तो म्हणेल तेवढं मराठीत करायचं.

मला ते जमेना. आमच्या घराची गच्ची त्या मैदानावरच उघडते. कळायला लागल्यापासून मी तिथून रोजचा सराव बघितलेला. खाली उभं राहिलं की फुटबॉल म्हणजे नुसती धूळ आणि आरडाओरडा. वरून मात्र सगळं दिसतं: कोण कुठे आहे, कुठे जागा सुटली, कोण उगाच पळतोय. माझ्या भावाचं दुखणं मला त्याच्याआधी कळलं होतं. नाव धैर्यशील, पण धीर कसला तो नाही. तो सतत ऑफसाइड व्हायचा.

फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगते. आपल्या माणसानं पुढे चेंडू मारला, त्या क्षणी तुम्ही समोरच्या संघाच्या बचावाच्या रांगेमागे असाल, तर रेषेवरचा पंच झेंडा वर करतो. मग गोल मारा नाहीतर गाणं म्हणा, सगळं फुकट. म्हणजे पळायचं खरं, पण चेंडू सुटल्यावर. धैर्यशील आधीच सुटायचा. विचारलं की म्हणायचा, "आक्का, मी कुठं पळायलोय? पाय पळायलेत."

यानुश दोन वाक्यं बोलायचा आणि माझ्या तोंडून सात निघायची. एकदा त्यानं मला बाजूला घेतलं.

"मी छोटं बोलतो. तू लांब बोलतेस. मराठी भाषा एवढी लांब आहे?"

मी खरं काय ते सांगून टाकलं. "मी भर घालते. तुम्ही म्हणालात, उजव्या बाजूनं जा. मी त्याला म्हटलं, उजव्या बाजूनं जा, कारण वाघजाईचा डावा बॅक चेंडू आला की पंचाकडे बघतो."

"बघतो?"

"नेहमी."

त्यानं टोपी मागे सरकवली. मग म्हणाला, "घाल. भर घाल." आबांना मी हे अर्थातच सांगितलं नाही.

तो लिंबाखाली जाऊन बसला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मला वाटलं, हा आता येत नाही. पण तो सगळ्यांच्या आधी आला होता. टोपी झटकून डोक्यावर घातली होती. त्यानं धैर्यशीलला बोलावलं आणि माझ्या मदतीशिवाय, अगदी स्पष्ट मराठीत म्हणाला, "थांब."

"थांबलोय," धैर्यशील म्हणाला. बिचारा घाबरला होता.

"चांगलं," यानुश म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळला. "सांग त्याला. मी पण असाच होतो. पोलंडच्या सगळ्या मैदानांवर माझ्यासाठी झेंडा वर गेला. पेपरात विनोद यायचा, व्रोना खेळला की दुसऱ्या दिवशी पंचाचा खांदा दुखतो. पळायला सगळ्यांना येतं. थांबायला मला कोणी शिकवलं नाही." इथे तो अडखळला. "नाही. हे सांगू नको. एवढंच सांग, आता थांबायला शिकायचं."

मी तेवढंच सांगितलं. का अडखळला ते विचारलं, तर म्हणाला, "नंतर. मॅच झाल्यावर."

त्यानं मग एकच गोष्ट घोटून घेतली. धैर्यशीलनं पुढे धावायचं, कोच 'थांब' ओरडला की थबकायचं, आणि मधल्या खेळाडूनं चेंडू मारल्यावरच सुटायचं. वाघजाईवाल्यांची खोड अशी होती की चेंडू येणार असं दिसलं की त्यांचे चारही बॅक एकदम पुढे यायचे, म्हणजे आपला माणूस आपोआप मागे राहून ऑफसाइड. यानुशचं म्हणणं होतं, ते पुढे येतायत तर येऊ देत. तू त्यांच्या अलीकडेच थांब. ते पुढे येत असताना चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला, तर त्यांना वळून पळावं लागेल, आणि तू मात्र सरळ पळशील.

"पण ते कधी पुढे येणार, हे कसं कळायचं?" धैर्यशीलनं विचारलं. प्रश्न रास्त होता. ते चौघं इतके एकदम यायचे की जणू एकाच दोरीनं ओढल्यासारखे.

त्यासाठी आम्ही वाघजाईचा एक सामना बघायला गेलो. यानुश, आबा आणि मी. मी आजूबाजूला पाहिलं, बाई एकटी मीच. ओढणी डोक्यावर घेऊन बसले. पहिला अर्धा तास मला काही दिसेना, कारण मला वरून बघायची सवय. मग दिसलं. त्यांचा मधला बॅक पूर्वी कुस्ती खेळलेला, बंडा पोवार. चौघांनी पुढे यायचं असलं की त्याच्या आधी तो उजव्या मांडीवर शड्डू ठोकायचा. सवयीनं ठोकत असेल असं कुणालाही वाटावं. कोल्हापुरात शड्डूकडे कोण लक्ष देतं? पण तो शड्डू म्हणजेच ती दोरी होती.

मी यानुशला सांगितलं. तो पुढचा सगळा वेळ बंडाच्या मांडीकडे बघत होता. आबांनी मला विचारलं, "हा माणूस मॅच सोडून काय बघायलाय?" मी म्हटलं, "काही नाही, आबा." पदरचं घालायची बंदी होती ना.

सामन्याच्या आदल्या दिवशी आबांनी घरी मटणाचं जेवण घातलं. यानुशसमोर तांबड्या रश्श्याची वाटी आली. त्यांच्याकडे बिटाचं असंच लालभडक सूप करतात म्हणे. त्या भरवशावर त्यानं वाटी तोंडाला लावली आणि निम्मी एका दमात रिकामी केली. मी "थांबा" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तोंडानं "पानी, पानी" चाललेलं. त्या दिवशी दिनकर पहिल्यांदाच बरोबर धावला.

सकाळी यानुशचा घसा पूर्ण बसला होता. नुसती हवा बाहेर येत होती.

"आता थांब कोण म्हणणार?" गोलकीपरनं विचारलं.

"मी हाय की," आबा म्हणाले. "शड्डू दिसला की म्हणायचं ना? मला काय दिसत न्हाई व्हय?" यानुशनं त्यांना सगळं कागदावर काढून दाखवलं होतं. आबा सत्तरीचे होते आणि चष्मा फक्त पेपर वाचायला लावायचे.

स्टेडियम तुडुंब भरलेलं. हलग्या, शिट्ट्या, दोन्ही पेठांच्या घोषणा. मी रेषेमागे खुर्चीवर. माझ्या एका बाजूला यानुश, दुसऱ्या बाजूला आबा. पहिल्या अर्ध्यात आबा घसा फाडून ओरडत होते, पण अर्धं स्टेडियमही तेच करत होतं. धैर्यशीलला त्यातलं काय ऐकू येणार? तो तीनदा सुटला आणि तीनदा झेंडा वर गेला. तिसऱ्या वेळी तर त्यानं गोल मारला, शर्ट काढायला घेतला आणि मग झेंडा पाहिला. वाघजाईचे लोक पोट धरून हसले. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी पायाखालच्या गवताकडे बघत बसले.

हाफ टाइमला दिनकरनं लिंबं वाटली. धैर्यशील माझ्याकडे आला. "आक्का, मला कायच ऐकू येत न्हाई. सगळे एकदम वरडायलेत." मी यानुशकडे बघितलं. त्यानं तोंड उघडलं, हवा आली, त्यानं तोंड मिटलं. त्या माणसाच्या डोळ्यांत मला चौथा नारळ दिसला.

दुसरा अर्धा सुरू झाला. शून्य–शून्य. वेळ संपत आली तशी आमची पेठ गप्प व्हायला लागली. लोक घड्याळं बघत होते. कुणीतरी मागे म्हणालं, "गेली तालीम." यानुश वाकून खोकत होता, दिनकर त्याला पाणी पाजत होता. आबा खिशातून चष्मा काढून पुसत होते. आणि त्याच वेळी आमच्या मधल्या खेळाडूला चेंडू मिळाला, धैर्यशील सुटायला लागला, आणि लांब, पार पलीकडे, बंडा पोवारचा उजवा हात वर गेला.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. खुर्ची पडल्याचा आवाज मात्र आठवतो.

"धैर्याऽऽ! थांऽऽब!"

एवढ्या पुरुषांच्या गोंगाटात एकच बाईचा आवाज. आणि तोही तोच, ज्यानं त्याला लहानपणापासून गच्चीवरून जेवायला बोलावलं होतं. तो जागच्या जागी थबकला, सरावात थबकायचा अगदी तसाच. मांडीवर शड्डू पडला. चारही बॅक दणादणा पुढे आले. चेंडू त्यांच्या डोक्यांवरून गेला.

"पळ!"

धैर्यशील पळाला. ते चौघं थांबून, वळून, हात वर करून पंचाकडे ओरडायला लागले, तोवर तो एकटा गोलकीपरसमोर पोचला होता. सगळं स्टेडियम त्याच्याकडे बघत होतं. यानुश मात्र तिकडे बघतच नव्हता. तो रेषेवरच्या पंचाकडे बघत होता. झेंडा खाली होता. खालीच राहिला. आमच्या पेठेची आरोळी उठली तेव्हा गोल झाल्याचं त्याला कळलं असावं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी भानावर आले तेव्हा आबा माझ्यासमोर उभे होते. चष्मा डोळ्यांवर होता. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. मी खुर्ची सरळ करून बसायला लागले.

"बसतीस कशाला?" आबा म्हणाले. "अजून धा मिनिटं हाईत. त्यांचा डावा बॅक कुणाकडं बघायलाय, आपला उजवा कुठं मोकळा सुटलाय, सांग की सगळं. घाल पदरचं!"

ती दहा मिनिटं मी जेवढी ओरडले तेवढी आयुष्यात नंतर कधी ओरडले नाही, आणि नंतर मी पुष्कळ ओरडले आहे. तालीम राहिली. त्या वर्षीही राहिली, आजही आहे. पुढच्या हंगामात आबांनी मला रीतसर सरावाला बोलावलं. मॅनेजरची जागा रिकामी नव्हती, दिनकर ती सोडायला तयार नव्हता, म्हणून मला कोच केलं. पुढे मुलींचा संघ काढला. त्यांच्यातली एक आता मुंबईकडून खेळते आणि थांबायची वेळ आली की अजून माझ्याकडे बघते.

यानुशलाही पोलंडला परतल्यावर काम मिळालं. मोठा संघ नाही, एका खाणीच्या गावातली शाळकरी पोरं. फोनवर म्हणाला, घाई झाली की तोंडून 'थांब' निघतं आणि पोरं ऐकतात 'ताम' आणि जोरात तिकडे पळतात. "मग?" मी विचारलं. "मग काय, रोज झेंडा वर," तो म्हणाला, आणि खूप वेळ हसला. पुढे त्यानं त्या पोरांना शब्दाचा अर्थ शिकवला.

पण मला सांगायचं आहे ते सामन्याच्या दुसऱ्या दिवसाचं. त्याची गाडी संध्याकाळची होती. सकाळी तो म्हणाला, पुन्हा एकदा वळिवड्याला जाऊ. गोलकीपरच्या रिक्षातून मी, धैर्यशील आणि तो असे गेलो. या खेपेला तो दुकानांकडे वळलाच नाही. रेल्वे लाइनच्या अलीकडे एक मोकळं शेत होतं, ऊस तुटून गेलेला, पाचट जाळून साफ केलेलं. तिथे तो उतरला. घसा जरा सुटला होता.

"माझी आई," तो म्हणाला, "रेषेवर उभी राहायची. खाणीचं गाव. सगळे पुरुष, आणि एक बाई, डोक्याला रुमाल बांधलेली. तिला घाई झाली की तोंडातून इथले शब्द यायचे. चल चल. बास. ते मला माहीत होते. आम्ही घरात हसायचो. पण मी खेळत असताना ती एकच ओरडायची. ताम! ताम!"

धैर्यशील माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला हातानं गप्प राहा म्हटलं.

"मी ऐकायचो तिकडे. तिकडे पळायचो. झेंडा वर. पुन्हा ती ओरडायची, मी पुन्हा तिकडे, पुन्हा झेंडा. पोरं हसायची. तेरा वर्षांचा होतो. एक दिवस मी तिला म्हटलं, तिकडे कोणी नसतं आई, तुला खेळ कळत नाही, तू येऊ नको." तो रेल्वे लाइनकडे बघत होता. "ती पुन्हा आली नाही. पुढच्या वर्षी ती गेली. आणि मी तीस वर्षं तिकडे पळत राहिलो."

माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं मला कारण दिसेना.

"तिला खेळ कळत होता," मी म्हणाले.

"सगळ्यांपेक्षा जास्त," तो म्हणाला. मग त्यानं कोट काढून धैर्यशीलच्या हातात दिला, टोपी दिली. "पानी विजा, एक काम करशील? मी पळतो. तू म्हण."

चाळिशी उलटलेला, एक गुडघा कामातून गेलेला तो माणूस त्या जळक्या शेतातून पळायला लागला. आधी लंगडत, मग बरा. मातीची ढेकळं उडत होती. तो बराच लांब गेला. मी त्याच्या आईला कधी पाहिलं नव्हतं, पण डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई मला दिसत होती. मी ओढणी डोक्यावरून काढून गळ्यात टाकली आणि छाती भरून ओरडले.

"यानुऽऽश! थांऽऽब!"

तो थांबला. पाठमोरा, जागच्या जागी, दोन्ही हात खाली सोडून. बराच वेळ तो तसाच उभा राहिला आणि आम्ही दोघंही जागचे हललो नाही. मग तो हळूच वळला आणि लांबूनच, फाटक्या आवाजात त्यानं विचारलं,

"ऑफसाइड?"

मी भावाकडे पाहिलं. धैर्यशीलनं कोट छातीशी धरला होता. त्यानं मान हलवली आणि माझ्याआधी तोच ओरडला,

"न्हाई, साहेब! बरोबर थांबलासा!"